कुत्र्यामांजरांच्या अंगावरचा गोल चट्टा फंगलच असतो का?

तुम्ही विचारलंय की मांजरीच्या पिल्लाच्या कानामागचे केस जाऊन गोल चट्टा पडलाय, घरातल्या कुत्र्याच्या पोटावरही गोल लाल चट्टे आहेत, तर टेस्टच्या भानगडीत न पडता मेडिकलमधली ट्यूब लावली तर चालेल का. मी पशुवैद्य आहे आणि अगदी कळकळीने सांगते, आत्ता काहीही लावू नका.

कुत्र्याच्या पोटावरचे कडेने साल निघणारे गोल चट्टे बऱ्याचदा फंगल नसतातच, ते बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असतं, दिसायला मात्र हुबेहूब गजकर्ण. डेमोडेक्सच्या किड्यांनीही असेच केस जातात, म्हणून कुत्र्याचं स्किन स्क्रेपिंग, म्हणजे त्वचा हलकेच खरवडून मायक्रोस्कोपखाली बघणं, आधी करून घ्या, आणि कान-पंजे तेलकट होऊन आंबूस वास येत असेल तर मॅलासेझिया नावाचं यीस्ट असू शकतं, ते चिकटपट्टीने नमुना घेऊन मायक्रोस्कोपखाली लगेच दिसतं.

पिल्लाच्या बाबतीत मात्र मला गजकर्णाचाच संशय जास्त आहे. मांजरांत ते बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिसमुळे होतं आणि ही बुरशी वूड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, बऱ्याचदा केसांच्या मुळाशी हिरवीगार चमकते. पण ट्रायकोफायटॉन ही गजकर्णाची दुसरी बुरशी चमकत नाही, त्यामुळे चमक नाही म्हणजे फंगल नाही असं धरता येत नाही, आणि उलट अंगावर मलम असेल तर तेही चमकू शकतं. ट्यूब नको म्हणते त्याचं एक कारण हे, दुसरं म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी कॉम्बिनेशन क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने लाली बसते, बरं वाटतं, बुरशी पसरतच राहते, शिवाय मांजर ते चाटून पोटात घेते ते वेगळंच.

मग चमकलेले केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघायचे, आणि नव्या टूथब्रशने सगळं अंग विंचरून तो ब्रश डीटीएम कल्चरवर, म्हणजे गजकर्णाची बुरशी उगवून ओळखायच्या खास माध्यमावर, टोचायचा. हे माध्यम पिवळं असतं, गजकर्णाची पांढरट बुरशी उगवताना त्याच सुमाराला लाल होतं. साधी बुरशी पण लाल करते पण उशिरा, चांगली वाढल्यावर, म्हणून प्लेट रोज बघावी लागते, दोन आठवड्यांनी एकदम उघडून लाल दिसली म्हणून पॉझिटिव्ह म्हणणं चूक आहे, उगवलेल्या बुरशीचा नमुना मायक्रोस्कोपखाली बघायलाच हवा. घाई असेल तर पीसीआर, म्हणजे बुरशीचा डीएनए शोधणारी टेस्ट, होतं, पण त्यात मेलेली बुरशीसुद्धा पॉझिटिव्ह येते.

रिपोर्ट येईपर्यंत पिल्लू एका खोलीत ठेवा, तिथले केस रोज काढा, अंथरूण धुवा. मुलाच्या दंडावर चट्टा उठलाय म्हणालात ना, त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या आणि घरात मांजरीचं पिल्लू आहे हे न विचारता सांगा.