रंग छापायचा राहिला की उडाला?

प्रश्न : माझ्याकडच्या एका टपाल तिकिटावर पिवळा रंग अजिबात नाही. दुसऱ्याच्या कडेला दाते नाहीत. ही छपाईची खरी चूक कशी ओळखावी?

उत्तर : रंगाबाबत आधी संशयच धरा. ऊन आणि रसायनांमुळे पिवळा रंग सहज उडतो. तेच तिकीट नेहमीच्या रूपात मिळवून दोन्ही दहापट भिंगाखाली शेजारी ठेवा. पिवळा खरोखर छापायचा राहिला असेल, तर हिरव्या भागात निळाच दिसेल आणि बाकीचे रंग तजेलदार असतील. ठिपक्याएवढाही पिवळा सापडला, तर ‘रंग नाही’ असे म्हणता येत नाही. तेही पडताळून झाल्यावर अतिनील दिव्याखाली पाहा. रसायन लावलेला कागद बहुधा वेगळा चमकतो.

दाते नसलेले सुटे तिकीट फारसे कामाचे नाही, कारण रुंद कडा असलेल्या तिकिटाचे दाते कात्रीने सहज कापता येतात. निदान एकमेकांना जोडलेल्या दोन तिकिटांची जोडी हवी, मधे (दाते पाडणारी) छिद्रे नसलेली. जोडी मिळाली तर ती कधीही सुटी करू नका!

रंग थोडा सरकलेला असणे ही किरकोळ गोष्ट. उलटे चित्र मात्र दुर्मीळ : 1918 सालच्या अमेरिकी 24 सेंटच्या तिकिटाची चौकट आणि विमान वेगवेगळे छापले गेले, म्हणून विमान उलटे पडलेला 100 तिकिटांचा एक ताव विकला गेला.

तिकीट पाण्यात भिजवू नका, चिमट्यानेच उचला, पीव्हीसी या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. विकण्यापूर्वी तज्ज्ञ समितीचे छायाचित्रासह प्रमाणपत्र घ्या.