गरोदरपणाच्या सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोज टेस्ट १५२ आली. अमेरिकेतली बहीण म्हणते तिथे हे नॉर्मल धरतात. मग मला खरंच शुगर आहे का? इन्सुलिन लागेल का?

तुमची बहीणही खोटं बोलत नाहीये आणि डॉक्टरही. दोघी वेगवेगळ्या टेस्टबद्दल बोलताहेत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि दुसऱ्या खेपेला मलाही गरोदरपणातली शुगर निघाली होती. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जी टेस्ट करतात तिला 'डिप्सी' म्हणतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. जेवून आलात की उपाशी, याने फरक पडत नाही. १४० किंवा त्याच्या वर आकडा आला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत रुजवली आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही तीच आहे. कारण अगदी व्यवहारातलं आहे. खेड्यातून एसटीने आलेल्या पोटुशी बाईला 'उद्या उपाशीपोटी या' म्हटलं की ती येतेच असं नाही.

अमेरिकेत बहुतेक डॉक्टर आधी ५० ग्रॅम ग्लुकोजची प्राथमिक चाळणी टेस्ट करतात. त्यात आकडा जास्त आला तर उपाशीपोटी १०० ग्रॅम देऊन तीन तासांत चारदा रक्त घेतात. तिथे दोन तासांची मर्यादा १५५ आहे. म्हणजे ग्लुकोज वेगळं, पोटाची स्थिती वेगळी, आकडाही वेगळा. तिकडची मर्यादा तुमच्या रिपोर्टला लावता येत नाही. कोणती पद्धत जास्त बरोबर यावर डॉक्टरांमध्येही वाद आहेत, पण तुमच्यापुरता तो बाजूला ठेवा. १४० ओलांडल्यावर पहिला उपचार काय, तर दोन आठवडे जेवण बदलून बघायचं. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा टेस्ट करण्यात पैसे घालवण्यापेक्षा मी ते घरी शुगर मोजायच्या मशीनच्या पट्ट्यांवर घालवीन. (ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. ती टेस्ट पुन्हा करावी लागते.)

'घरात कुणालाच नाही, मी तर बारीक आहे, मग मला कशी?' असंही तुमच्या मनात येत असेल. बाळाला पोसणारी वार जसजशी वाढते तसतशी तिच्यातली हार्मोन्स आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देईनासं करतात. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून निभावून नेतं, काहींचं कमी पडतं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचंच इन्सुलिन जास्त बनवतं, चरबी धरतं, आणि नाळ कापल्यावर त्याची शुगर एकदम खाली येऊ शकते. म्हणून अशा बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजतात आणि टाचेतून रक्त काढून तपासतात.

आता बोट टोचण्याबद्दल. आधी हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटाचं रक्त घेतलं तर मशीन त्या फळाची साखर दाखवतं. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आमच्याकडे निम्म्या बायका इथेच चुकतात. घरचं मशीन आणि लॅबचा रिपोर्ट थोडे पुढेमागे असणारच, १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मशीनला मान्य असतो. लक्ष्य साधारण असं असतं: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली.

वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं ते लिहा. माझ्या वहीत सकाळचे पोहे हमखास वर जायचे, तेवढेच पोहे संध्याकाळी खाल्ले तर चालायचे. सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी जुमानतं, म्हणून नाश्त्याला मुगाचं धिरडं, अंडं किंवा मटकीची उसळ बरी. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून तीन खाल्ल्या तर शुगर वाढणारच. तिच्याबरोबर वाटीभर उसळ, पालेभाजी, दही घ्या, आणि जेवणं तीन मोठी करण्यापेक्षा पाच-सहा छोटी करा. सासूबाईंचे डिंकाचे लाडू बाळंतपणानंतरसाठी ठेवा, आणि तेव्हाही गूळ बेताचा. चतुर्थीला साबुदाणा खिचडी नको. आणि आकडा खाली आणायला उपाशीही राहू नका, पोटात बाळ असताना ते वाईटच. जेवल्यावर डॉक्टरांनी मना केलं नसेल तर पंधरा मिनिटं गच्चीवर चाला. आकड्यात फरक दिसतो.

इन्सुलिनचं म्हणाल तर दोन आठवडे पथ्य करूनही जेवणानंतरचा आकडा १२० किंवा वर राहिला तर डॉक्टर मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू करतात. उपाशीपोटीचा आकडा पथ्याने फारसा हलत नाही, रात्रभर यकृत साखर सोडत असतं. मला रात्रीचं इन्सुलिन लागलं ते यामुळेच. सुई पोटावर घ्यायची म्हणून घरचे घाबरले होते, पण ती कातडीखालच्या चरबीत जाते, बाळापर्यंत पोचत नाही. इन्सुलिन सुरू झालं तर हातपाय थरथरणं, घाम, अचानक भूक यावर लक्ष ठेवा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर आकडे बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर वार पडली की शुगर बहुधा उतरते, आणि मग सगळे विसरतात. सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची टेस्ट पुन्हा करायची असते, यावेळी उपाशीपोटी. कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते. सकाळी काही न खाता निघा, आधी लॅबमध्ये ग्लुकोज प्या आणि मधल्या दोन तासांत लस उरकून घ्या. बाळाला पाजायला हरकत नाही, तुम्ही मात्र पाण्याशिवाय काही घेऊ नका.