इंजिन सुरू होते आणि लगेच बंद पडते

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. गावाहून परतल्यापासून तळघरातील पार्किंगमध्ये उभी असलेली आमची पेट्रोल गाडी सुरू होत नाही. सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन क्षणभर लागते आणि बंद पडते. त्या वेळी डॅशबोर्डवर गाडी आणि किल्लीचे चिन्ह भराभर लुकलुकते. मेकॅनिकने इसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) बदलायला सांगितले आहे. बदलावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एवढ्यात बदलू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणे इमोबिलायझरची, म्हणजे गाडीच्या चोरीप्रतिबंधक यंत्रणेची आहेत, आणि या तक्रारीत इसीएम हा संशयितांच्या यादीत शेवटी येतो.

तुमच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक छोटी चिप असते. इग्निशन चालू करताच कुलपाभोवतीची तारेची कडी त्या चिपला ऊर्जा पुरवते, चिप आपला संकेत पाठवते आणि तो जुळला तरच इसीएम इंधनपुरवठा चालू ठेवतो. म्हणूनच इंजिन लागून एक-दोन सेकंदांत बंद पडते. फिरवायच्या किल्लीतील या चिपला सेल लागत नाही. किल्लीत असणारा सेल दारे उघडण्याच्या बटणांसाठी असतो, त्यामुळे केवळ तो बदलून हा दोष सहसा जात नाही.

प्रथम कपाटातली दुसरी किल्ली आणा. ती एकटीच, जुडग्याशिवाय लावून पाहा, कारण त्याच जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिप असलेली किल्ली असल्यास संकेतांची गल्लत होऊ शकते. दुसऱ्या किल्लीने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या किल्लीत आहे. ती जोरात पडली असेल किंवा तिचे कव्हर बदलताना चिप जुन्या कव्हरातच राहिली असेल. हे कव्हर बदलण्याचे प्रकरण फार वेळा घडते, तेव्हा जुने कव्हर फेकले नसेल तर उघडून अवश्य पाहा.

दोन्ही किल्ल्यांनी तेच घडले, तर बॅटरी मोजून घ्या. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी उभी असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेले, तर सेल्फ फिरूनही इसीएम गोंधळू शकतो. बॅटरी ठीक असेल, तर फ्यूज आणि कुलपाभोवतीच्या कडीचा कनेक्टर तपासायला सांगा. ठाण्याच्या पावसाळ्यात तळघरांत दमटपणा राहतो आणि कनेक्टरच्या पिना हिरवट पडतात.

गाडीला बाहेरून अलार्म बसवला असेल, तर स्टिअरिंगखालचे टेप गुंडाळलेले जोडही पाहून घ्यावेत. मात्र अशा अलार्मच्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) इंजिन अडवले असेल, तर डॅशबोर्डवरचा गाडी-किल्लीचा दिवा बहुधा नेहमीप्रमाणे विझतो. तुमचा लुकलुकतो आहे, त्यामुळे माझा संशय किल्ली किंवा कडीवर अधिक आहे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचून घ्या आणि तो कोड लेखी मागा. तेथे जाताना सर्व किल्ल्या सोबत न्या, कारण अनेक गाड्यांत नव्याने किल्ली जुळवताना समोर नसलेल्या किल्ल्यांची नोंद पुसली जाते.