मासळीचं शिक्षण सोडून मॉरिशस गाठायचंय?

प्रश्न : मी रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांची मिरकरवाड्यात बोट आहे. मला मॉरिशसमधल्या इंडियन ओशन रिम असोसिएशनमध्ये, म्हणजे आयोरात, काम करायचंय. बी.एफ.एस्सी. अर्धवट सोडून आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात बी.ए. करू का? मॉरिशसला आपली मराठी माणसंही आहेत म्हणे. घरी मात्र 'मासे सोडून कुठं चाललीस' म्हणतात.

उत्तर : घरच्यांचं बरोबर आहे, पण त्यांना वाटतं त्या कारणाने नाही.

आधी हे ऑफिस काय आहे ते समजून घे. जानेवारी 1995 मध्ये नेल्सन मंडेला दिल्लीला आले, तेव्हा हिंद महासागराच्या काठच्या देशांनी एकत्र यावं असं ते बोलले. त्याच मार्चमध्ये मॉरिशसने बैठक बोलावलीसुद्धा. मॉरिशस धरून सात देश होते. 1997 मध्ये 14 देशांनी सनद स्वीकारली, आज सदस्य 23 आहेत आणि सचिवालय मॉरिशसच्या एबेनमध्ये आहे. ते तुला वाटतंय तेवढं मोठं नाही. तिथले बरेच अधिकारी सदस्य देशांच्या सरकारांनी ठरावीक मुदतीसाठी पाठवलेले असतात. निर्णय सर्वसहमतीने होतात, दोन देशांची आपसातली भांडणं तिथं काढायची नाहीत असा दंडक आहे. त्यामुळे गाडा हळू चालतो. झगमगाटासाठी जात असशील तर कंटाळशील.

मग मॉरिशसने एवढा उत्साह का दाखवला? बेटाबेटांची मिळून त्याची जमीन सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव. समुद्रावरचा हक्क मात्र 23 लाख चौरस किलोमीटरच्या घरात, जवळजवळ भारताच्या समुद्रहक्काएवढा! एवढं पाणी एकट्याने राखणार कसं? 25 जुलै 2020 ला वाकाशियो नावाचं जपानी मालकीचं जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. किनाऱ्यावरच्या लोकांनी उसाचं पाचट कापडी पिशव्यांत कोंबून तरंगते बांध शिवले, डोक्याचे केस कापून दिले. भारताने तटरक्षक दलाची 10 जणांची तुकडी आणि 30 टन सामान पाठवलं. शेजाऱ्यांशी बांधून राहणं ही अशा देशाची हौस नसते, गरज असते.

आता तुझं. आयोराच्या अग्रक्रमाच्या सहा विषयांत मत्स्यव्यवस्थापन आहे, सागरी सुरक्षा आहे, आपत्ती व्यवस्थापन आहे. आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेली मुलं या दारात पुष्कळ उभी असतात. जाळ्याचा आस म्हणजे भोक किती मोठं, कुपा म्हणजे टुना कोणत्या आकाराला अंडी घालतो, बोटीवरची नोंद खरी की कागदोपत्री, हे ओळखणारी त्यांत फार थोडी. शेजारच्या सेशेल्समध्ये हिंद महासागर टुना आयोग आहे. कुणी किती टुना मारायचा यावर तिथं किनाऱ्याचे देश आणि दुरून येणारी मोठी जहाजं यांची ओढाताण चालते. तिथल्या वाटाघाटी आकड्यांवर होतात आणि आकडे तुझ्यासारख्यांनी काढलेले असतात. माझ्या मते तुझी नजर आयोरापेक्षा तिकडे असावी.

तेव्हा पदवी पुरी कर. पुढे एम.एफ.एस्सी.ला मत्स्यसंपदा व्यवस्थापन घे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था त्यासाठी उत्तम, प्रवेश परीक्षेची तयारी आतापासून लाव. नंतर कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था किंवा मुंबईचं भारतीय मत्स्य सर्वेक्षण. भारताच्या वतीने अशा बैठकांना बसणारे शास्त्रज्ञ तिथूनच जातात. आंतरराष्ट्रीय संबंधांचा हट्ट असेलच तर त्यातलं एम.ए. पदवीनंतरही करता येतं.

फ्रेंच मात्र आजच सुरू कर. आयोराचं काम इंग्रजीत चालतं, पण एबेनमध्येच हिंद महासागर आयोग म्हणून दुसरी संघटना आहे, तिचा कारभार फ्रेंचमध्ये. नावं सारखी असल्याने दोन्हींत गल्लत होते. मुंबई-पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझचे ऑनलाइन वर्ग असतात. दोन वर्षांत बी-1, म्हणजे मधली पातळी गाठ.

मराठी माणसांचं म्हणशील, तर खरंच आहेत. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा भागातून गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्यांची ती नातवंडं-पतवंडं. गणेश चतुर्थीला तिथं राष्ट्रीय सुट्टी असते आणि आपली जाखडी 'झाकरी' म्हणून अजून नाचतात. घरात मात्र बहुतेक क्रिओल ही तिथली बोली बोलतात. तुझं मन रमेल, नोकरीला त्याचा उपयोग नाही.

1 जूनला मासेमारी बंद होते. त्याआधी महिनाभर रोज पहाटे बाबांबरोबर बंदरावर जा. कुपा, गेदर, सुरमई किती उतरली, लांबी किती, कोणत्या जाळ्यात आली, हे वहीत लिहून काढ आणि ती वही मला पाठव. पुढचं पत्र त्यावरूनच लिहितो.