अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या तारखांची वही करताय?

वाढदिवसांपासून सुरुवात केलीत, छान. पण जन्मसालावर डोळे झाकून विश्वास नको. गायिका लोरेटा लिन वर्षानुवर्षं स्वतःचं वय तीन वर्षांनी कमी सांगत होत्या. २०१२ मध्ये कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा कळलं की जन्म १४ एप्रिल १९३२ चा. (खरं वय सांगतंय कोण म्हणा!)

‘नंबर वन’ लिहाल तिथे कुठल्या यादीत, तेही लिहाच. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाची कंट्रीची लोकप्रिय गाण्यांची यादी १९४४ मध्ये ज्यूकबॉक्सवरून (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) सुरू झाली. पुढे विक्रीची वेगळी, रेडिओची वेगळी. ऑक्टोबर १९५८ मध्ये सगळ्यांची मिळून एक झाली. माझ्या पहिल्या वहीत हाच घोळ होता, निम्मी पानं खोडावी लागली.

आणि गायिका डॉली पार्टनच्या ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’साठी दोन ओळी ठेवा: १९७४ आणि १९८२. दोन्हीदा बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं.