वावर विकून नागपुरातल्या टॉवरमधला वन बीएचके घ्यावा का?

भाऊ, पोरगा नागपुरात नोकरीले हाये म्हून घेता तं घ्या, पण आधी बाराव्या माळ्यावरून दिसणाऱ्या लाइटा पाहून भुलू नका. बिल्डर सुपर बिल्टअपचा (जिना, लिफ्ट अशी सामाईक जागा धरून) आकडा सांगते, तुमी कार्पेट विचारा, म्हंजे बाहेरच्या भिंतीच्या आतली जागा, बाल्कनी त्यात धरत नाई. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून पाहा. भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहाले तयार हाये असा सरकारी दाखला) भेटलेला तयार फ्लॅट असन तं जीएसटी लागत नाई, बांधकाम चालू असन तं लागते. रजिस्ट्री फक्त वहिनीच्या नावानं केली तं स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट हाये (आमच्या घरी याच्यावरूनच भांडण झालं). अन् लिफ्ट, जनरेटर, वॉचमनचा मेंटेनन्स दर महिन्याले भराच लागते, वावर विकल्यावर कापसाचे पैसे बंद झाले तरी.