चौदा जणांसोबत इटली: जास्तीचे दीड लाख कशासाठी?

सप्रेम नमस्कार.

आपण शिक्षकी पेशातून निवृत्त झालात, नाशकात कॉलेज रोडला एकट्या राहता आणि येत्या एप्रिलमध्ये दहा दिवस इटलीला जाण्याचा आपला विचार आहे. चौदा जणांच्या मार्गदर्शित सहलीला स्वतंत्र खोलीसह 4,20,000 रुपये पडतात, तर पंचेचाळीस जणांच्या सहलीत अनोळखी बाईंसोबत खोली वाटून घेतल्यास 2,70,000 रुपयांत भागते. त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील 15 लाखांचे खाते मोडावे का, असे आपण विचारले आहे.

खाते मोडू नये. ते उघडून चौदा महिनेच झाले असल्याने मुदतपूर्व बंद करताना मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे 22,500 रुपये कापले जातील, आणि दर तिमाहीला घरी येणारे 30,750 रुपयांचे व्याजही थांबेल. तेवढ्याने सहल महाग होते, आनंद मात्र तितकाच राहतो.

दीड लाखांच्या फरकाकडे मात्र मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. आपल्याच पत्रातील आकड्यांनुसार त्यातले 70,000 रुपये स्वतंत्र खोलीचे आहेत, त्यामुळे लहान गटाची खरी किंमत 80,000 रुपये, म्हणजे दिवसाला 8,000 रुपये होते. या पैशांतून चैन विकत मिळत नाही, वेळ मिळतो. पंचेचाळीस माणसे बसमधून उतरून, स्वच्छतागृहाला जाऊन, मोजून पुन्हा बसेपर्यंत किती वेळ जातो, हे शाळेच्या सहली नेलेल्या आपल्याला मी सांगायला नको. व्हेनिसने ऑगस्ट 2024 पासून मार्गदर्शकासोबतच्या गटावर 25 जणांची मर्यादा घातली असून ध्वनिक्षेपकालाही बंदी केली आहे, त्यामुळे मोठ्या गटाला तिथे फुटावेच लागते. मिलानमध्ये लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’ या भित्तिचित्रासमोर प्रत्येक तुकडीला पंधराच मिनिटे मिळतात, आणि तेवढ्या वेळात मार्गदर्शकाला एखादी शंका विचारता येणे व न येणे यांत पुष्कळ अंतर आहे.

आपले माहेर दिंडोरीकडील द्राक्षबागायतदारांचे आहे, म्हणून आणखी एक सांगतो. एप्रिलमध्ये आपल्याकडे वर्षातल्या दोन छाटण्यांपैकी उन्हाळ्यातली खरड छाटणी चालू असते, तर टस्कनीत हिवाळ्यात एकदाच छाटलेल्या वेलींना तेव्हा नवे कोंब फुटत असतात. तिथल्या बागायतदारासमोर उभे राहून ‘तुम्ही वर्षातून एकदाच का छाटता?’ असे विचारण्याची सोय चौदा जणांत असते. पंचेचाळिसांत ती नसते. माझ्या मते दिवसाचे 8,000 रुपये इथेच वसूल होतात.

आता पैशांची सोय पाहू. आपल्या दोन मुदत ठेवींपैकी 4 लाखांची ठेव जानेवारीत संपते. ती वापरावी, 5 लाखांच्या ठेवीला आजारपणासाठी राखून हात लावू नये. निवृत्तिवेतनातून खर्च वजा जाता उरणारे 11,000 आणि योजनेच्या व्याजाचे मासिक सरासरी 10,250 रुपये धरले, तर ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत 1,27,500 रुपये साठतील. सहलीची रक्कम भरताना तिच्यावर टीसीएस, म्हणजे सहल कंपनी आधीच वसूल करून सरकारकडे भरते तो कर, द्यावा लागतो; 2025-26 या वर्षात तो 5 टक्के, म्हणजे 21,000 रुपये, होता. आपले उत्पन्न पाहता नव्या प्रणालीत आपल्याला आयकर लागत नाही, त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर ही रक्कम पूर्ण परत मिळेल. न भरल्यास ती अडकून राहील. शेंगेन व्हिसाचे (युरोपातील बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचे) 90 युरो, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा आणि हातखर्च धरूनही साठलेल्या रकमेत सारे बसते, आणि परतल्यावर दीड वर्षाहून थोड्या अधिक काळात 4 लाखांची ठेव पुन्हा उभी राहू शकेल. विम्याच्या अर्जात आपला रक्तदाबाचा त्रास लपवू नये.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: किमान संख्या न भरल्यास सहल रद्द होणार का व पैसे किती दिवसांत परत मिळणार, आणि किमतीचा काही भाग युरोत असल्यास कोणत्या दिवसाचा दर लागणार. लहान गटांत पहिली अडचण अनेकदा येते.

आपण ओझरता उल्लेख केलेली नाशिकरोडची मैत्रीण सोबत आली, तर खोलीचे 70,000 रुपये वाचतील. मात्र ती रात्री घोरत नाही ना, हे आपल्यालाच ठाऊक; झोपेचा प्रश्न असेल तर बासष्टाव्या वर्षी स्वतंत्र खोलीच घ्यावी. तिचा निर्णय दिवाळीपूर्वी विचारावा, आणि जानेवारीतील ठेवीचे आपोआप नूतनीकरण होऊ नये अशी सूचना आपल्या बँकेत या आठवड्यातच देऊन ठेवावी.